बाळंतपणाला माहेरी न आलेली बहीण

हुलसूरच्या बाजारात मी पोती उचलण्यापासून सुरुवात केली आणि स्वतःचं धान्याचं दुकान उभं केलं. समोरचा माणूस किती ताणणार, हे त्याच्या बसण्यावरून मला कळतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत मात्र मी साफ फसलो, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

तिचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे आमच्या घरी झालं. बाळ आठव्या महिन्यातच आलं, इतकं बारीक की उचलायला आमच्या आईचे हात धजेनात. दोन दिवसांत ते गेलं. मी दोष दिला तिच्या सासूला. सासर बिदरला, मैलूर भागात. घागरी वाहायला लावल्या असणार, असं मी चार माणसांत बोललो.

दोन वर्षांनी पुन्हा सातवा महिना लागला, तेव्हा हिरवी साडी आणि जीप घेऊन मी तिला आणायला गेलो.

"मी येत न्हाई, अण्णा. इथंच बाळंत होणार."

"कामून?"

तिनं चहाचा कप पुढं सरकवला. मी घासाघीस सुरू केली. महिनाभर चल. पंधरा दिवस. बरं, आईला तोंड दाखवून परत ये.

ती हसली. "गिऱ्हाईक उठून जायलंय, अण्णा. चहा घे."

मग मी सासूवर घसरलो. "मावशी, पहिलं लेकरू तुमच्या घागरींनी खाल्लं. आता हिला मोलकरणीसारखी ठिवून घ्यायलाव व्हय?"

म्हातारी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "व्हय बाबा, लई काम करून घ्यायलेय. भांडी बी तिलाच घासायला लावायलेय."

"आत्या, पुरे आता," बहीण म्हणाली आणि मला गच्चीवर घेऊन गेली.

तिला एचआयव्ही होता. नवऱ्यालाही. पहिल्या खेपेला सासर-माहेरच्या धावपळीत रक्ताची तपासणी राहूनच गेली होती. बाळ गेल्यावर कळलं. उपचार नसले तर बाळ वेळेआधी येण्याचा, कमी वजनाचं होण्याचा, पोटातच दगावण्याचा धोका वाढतो, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. तिचं बाळ त्यानंच गेलं, असं मात्र कुणी खात्रीनं म्हणालं नाही. आता सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या. एकही चुकली नव्हती.

"कुणाकडून आलं?" मी ओरडलो.

"हळू. ते विचारून लेकराला काय मिळणार?" ती म्हणाली. "आपल्या घरी पहिलं दूध काढून टाकतेत. लेकराला मधाचं बोट, गुळाचं पाणी, गाईचं दूध. डॉक्टर म्हणाले, फक्त आईचं दूध द्यायचं, त्यात दुसरं मिसळलं की धोका वाढतो. आईला काय सांगून अडवू? आणि आपल्या घरात कुणाचा डबा कुणी उघडत न्हाई, असं हाय का? गोळ्या कुठं लपवू?"

"मला तरी सांगायचं!"

"तुला? तू ह्यांना मारलं असतास, मग आठ दिवस पस्तावला असतास. मला तेवढा वेळ न्हाई."

खाली उतरलो. माफी मागायची सवय मला नाही. "मावशी, मला ठाऊक नव्हतं," एवढंच म्हणालो.

"चहा गार झालाय," म्हातारी म्हणाली. "दुसरा टाकते."

मी चार माणसांत केलेली तिची बदनामी तिच्या कानांवर केव्हाच गेली होती. एका वाक्यात ती माझं तोंड बंद करू शकली असती. पण ते वाक्य सुनेचं होतं, म्हणून तिनं ते कधी वापरलं नाही. इतकी पक्की बाई मी बाजारात पाहिलेली नाही.

मुलगी झाली, पुरे दिवस भरून, पावणेतीन किलोची. कळा सुरू होताच बहिणीनं नर्सला स्वतः सगळं सांगितलं, त्यामुळे बाळाचं औषध त्याच दिवशी सुरू झालं. आई मधाची बाटली घेऊन दवाखान्यात आली, तर म्हातारी दारातच उभी.

"इनबाई, आमच्या घराण्याला मधाची आण हाय. सहा महिने लेकराच्या तोंडाला आईच्या दुधाबिगर काही लावायचं न्हाई."

अशी आण कुठल्याच घराण्यात नव्हती. तिनं ती उभ्याउभ्या तयार केली. आई फुगून बसली, पण घराण्याच्या आणेपुढे बोलणार काय?

अठराव्या महिन्यात शेवटची तपासणी झाली. मुलीला लागण नाही. बहिणीनं आधी सासूला सांगितलं, मग नवऱ्याला, मग मला फोन केला.

समोर गिऱ्हाईक बसलेलं. डोळे भरून आले म्हणून मी ओरडलो, "मला सगळ्यांत शेवटी कामून?"

"शेवटी कुठं? आईला अजून कुठं ठाऊक हाय," ती म्हणाली. "बरं, ठिवते. लेकरू जिना चढायलंय."