डावीकडे उभी असलेली डॉक्टरीण

दिनांक १२ जानेवारी २०२५, रविवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. वेळ लिहून ठेवण्याची सवय नोकरीची आहे. मी चौतीस वर्षे रेल्वेत स्टेशन मास्तर होतो.

राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये नात टीव्हीवर गेम खेळत होती. ती चोवीस वर्षांची आहे, नोकरी करते, आणि रविवारची दुपार अवकाशात घालवते. गेम एका अवकाशयानाचा आहे. कप्तान ती, बरोबर चार सोबती. कोणता सोबती कशामुळे तसा वागला आणि ते पटते की नाही, यावर आमचा वाद होतो. तिला खोटे कारण खपत नाही. मला तिचे घाईचे निवाडे खपत नाहीत.

त्या दिवशी प्रश्न मेकॅनिकचा होता. यानाच्या कवचाला तडा गेला होता. मेकॅनिकला ते तीन मुक्कामांपासून ठाऊक होते आणि त्याने कोणालाही सांगितले नव्हते. आता ते उघडकीस आले होते. इंजिनाच्या खोलीत तो मान खाली घालून उभा होता. नातीपुढे दोन पर्याय होते : पुढच्या तळावर त्याला उतरवायचे, किंवा ठेवून घ्यायचे.

"हे पटत न्हाय," ती म्हणाली. "तडा वाढला तर सगळे मरणार, हा बी मरणार. तरी गप्प? लिहिणाऱ्यानं उगंच घुसडलंय."

"मला पटते."

"तुम्हाला तो पहिल्यापासनंच आवडतोय, आजोबा. काम करतोय, बोलत न्हाय. तुमच्यातलाच."

"सांगितले असते तर यान दुरुस्तीला लागले असते. यान थांबल्यावर मेकॅनिकचे काय उरते?"

"जीव उरतो की."

याला माझ्याकडे उत्तर होते, पण ते गेममधले नव्हते.

गुरुवारी मी तिला स्कूटरवर मागे बसवून बाजारात निघालो होतो. चौकात डावीकडून रिक्षा आली. ती मला दिसली तेव्हा तिचा आरसा माझ्या कोपराला लागत होता. रिक्षावाला थांबून म्हणाला, "ओ पावणं, दिसत न्हाय व्हय?" नात खाली उतरली आणि तिने भर रस्त्यात त्याचा उद्धार केला. तो तोंडातल्या तोंडात काही बोलत निघून गेला. चूक त्याची नव्हती. मी हे जाणत होतो, आणि तिला पुन्हा मागे बसवून स्कूटर घरी आणली.

डावा डोळा चार महिन्यांपासून कामातून गेला होता. मी दवाखान्यात गेलो नाही, कारण तिथे काय सांगतील हे मला ठाऊक होते. मुरगूडला माझा थोरला भाऊ काचबिंदूने आंधळा झाला. शेवटची नऊ वर्षे तो दाराशी खाटेवर बसून होता आणि पावलांच्या आवाजावरून माणसे ओळखत होता. मी गेलो की मुद्दाम पाय घासत चालत असे. रोगाचे नाव उच्चारले जाईपर्यंत आपली खाट मांडली जाणार नाही, अशी माझी समजूत होती. आणि उजवा डोळा शाबूत होता. त्याच्या भरवशावर मी होतो.

मी वाद पुढे नेला. "तो एकटा आहे. त्या खोलीत बोलायला त्याला माणूसच दिलेले नाही. अशा माणसाची भीती त्याच्याजवळच राहते."

ती हसली. "एकटा कुठं? डॉक्टरीण हाय की शेजारी."

"कुठे?"

"डावीकडं. मघापासनं उभी हाय. बोलत न्हाय, नुसती बघतीय त्याच्याकडं."

मी मान डावीकडे वळवली. डॉक्टरीण होती. पांढरा कोट, पुढे केलेला हात. मान सरळ केली आणि मेकॅनिककडे पाहिले. डॉक्टरीण नव्हती. तिच्या जागी अंधार नव्हता, डागही नव्हता. खोली तिथे संपत होती, इतकेच. मग मी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. काहीही बदलले नाही. जे दिसत नव्हते ते उजव्यालाही दिसत नव्हते.

मी तळहात काढला आणि पुन्हा ठेवला. नोकरीत दोनदा अपघात थोडक्यात टळला, तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो.

नातीने हातातला कंट्रोलर खाली ठेवला. ती हसत नव्हती.

"गुरुवारी," ती म्हणाली, "मी त्या रिक्षावाल्याला किती बोललो."

आमच्या घरात महत्त्वाचा निरोप ऐकणाऱ्याने जसाच्या तसा परत म्हणायचा आणि दोन आकडी एक संख्या द्यायची, असा नियम आहे. रेल्वेतून मी तो घरी आणला. दोन स्टेशनांमध्ये संख्या मिळाल्याशिवाय निरोप पोचला असे धरत नाहीत. लहानपणी नातीला त्याची गंमत वाटे.

"निरोप घे," मी म्हणालो. "डावा डोळा चार महिन्यांपासून गेलेला आहे. उजवाही जाऊ लागला आहे, हे आत्ता कळले. डॉक्टरांना दाखवलेले नाही. गुरुवारची चूक माझी होती."

तिने निरोप परत म्हटला. उजव्या डोळ्यापाशी ती थांबली. मी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले. तिने म्हटले.

"संख्या?"

"सदतीस."

मी डायरीत लिहिले : सदतीस, चार वाजून बावन्न.

"सांगितलं का न्हाय?" तिने विचारले.

"तुला पटले नसते."

तिने टीव्हीकडे पाहिले. मेकॅनिक तसाच उभा होता. "मग ह्याचं काय करू? उतरवू का ठेवू?"

"इंजिनापासून बाजूला कर. यानातून उतरवू नकोस."

"तसा पर्याय न्हाय गेममधी."

"मग गेम कच्चा आहे."

तिने टीव्ही बंद केला आणि जवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला. सोमवारी सकाळी दहाची वेळ मिळाली. ती वेळ मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतली. दुसऱ्यांदा मी वेळ नव्हे, तिचा आवाज ऐकत होतो.

नंतर मी जुडग्यातून स्कूटरची किल्ली काढली. ती तिला लगेच दिली नाही. आधी कठडा धरून, पायऱ्या मोजत खाली गेलो. तिसऱ्या मजल्यापासून त्या बेचाळीस आहेत. मोजणे यापुढे लागणार होते. स्कूटर भिंतीला लावली, पेट्रोलचा कॉक बंद केला, कापड घालून ते चारही बाजूंनी बांधले, आणि वर येऊन किल्ली नातीच्या हातात दिली.