घोडनदीचा घाट आणि माझा तोरा

आमच्या शिरूरला जुनी माणसं अजूनही घोडनदीच म्हणतात. नदीनं गावाला नाव दिलं, गावानं नदीला कचरा दिला. घाटावर एक रुंद उतार आहे, गोऱ्या साहेबांच्या घोड्यांना पाणी पाजायला केलेला, असं सांगतात. शेजारी मारवाडी पेढीवाल्यांनी बांधलेल्या पायऱ्या, खाली टांगेवाल्या मुसलमानांच्या घरच्या बायकांची जागा, पलीकडे मिशनच्या शाळेतल्या बायांचे दगड. मी सून म्हणून आले तेव्हा कुणी कुठं धुणं आपटायचं हे न लिहिता ठरलेलं होतं. चार महिन्यांत मी त्या सगळ्याची फौजदार झाले. अंगात तोरा केवढा! नवी बाई दिसली की माझा हात कमरेवर.

या तोऱ्याचं कारण आज सांगते. माझं माहेर न्हावऱ्याकडचं, मेंढरं राखणारं. सासरच्यांनीही एके काळी मेंढरंच राखली, पण ती विकून त्यांनी शेती धरली होती आणि गावात घर बांधलं होतं. मग काय, मला मेंढरांचा वास सोसेना. नाकाला पदर लावायची. जन्म त्याच वासात गेला होता, पण नाटक पाहावं तर माझं.

गेल्या दिवाळीच्या आधी वरच्या खोलीतली भाडेकरीण माझ्यापुढं येऊन बसली. बिहारची पोर, नवरा रांजणगावला कंपनीत शिफ्टमध्ये. तिच्या सासूनं वर्षानुवर्षं धरलेलं छठचं व्रत आता गुडघ्यांमुळं तिला झेपेना, म्हणून यंदा ते सुनेच्या हाती दिलं होतं. दीड दिवस निर्जळी राहायचं, नदीत उभं राहून मावळत्या आणि उगवत्या सूर्याला अर्घ्य द्यायचं. ती घाट बघायला गेली, तर तिथं देखरेख करणाऱ्या आप्पांनी तिला परत पाठवलं.

"बोले, छतपर टब में कर लो," ती डोळे पुसत म्हणाली. "आजी, पहिलाच साल आहे. नदी नहीं मिली तो सास को क्या मुँह दिखाऊँ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन मी घाटावर गेले. आप्पा चार जणांबरोबर चहा पीत बसले होते.

"वैनी, तुमी मधी पडू नका," आप्पा म्हणाले. "आज एक आली, उंद्या शंभर येत्याल. घाट आपला हाय."

"आपला म्हंजी कुणाचा? तुमी तर खुटबावचं. तुमची आई नवी आली तवा दोन वर्षं तिला वरच्या पायरीवर मीच बसू दिलं न्हाई."

"ठावं हाय. आई मरेस्तवर सांगायची."

"काय सांगायची?"

"घाटावर एक लई तोंडाळ बाई हाय म्हणून."

सगळे हसले. मीही हसले, आणि त्या हसण्यातच, कुणाला कधी न सांगितलेलं बोलून गेले. एका वर्षी माझा बाप कातरणीआधी मेंढरं धुवायला याच उतारावर आला होता. बायका ओरडल्या, पाणी नासतंय, खाली न्या. त्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा. बापानं मला पाहिलं. ओळख न दाखवता कळप खालच्या अंगाला वळवला. संध्याकाळी घरी आला, चहा प्याला, आणि जाताना एवढंच म्हणाला, "खाली पाणी ग्वाड हाय, पोरी."

"आप्पा, म्या बापाला हाकललं हितनं," मी म्हणाले. "आता हिला हाकलायला माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. तुमाला जमत असंल तर हाकला, मी हितंच बसलेय."

आणि मी खरंच बसले, ओल्या पायरीवर, चांगल्या लुगड्यानिशी.

आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. नदीकडं बोट केलं. "पर ही जलपर्णी बगा," ते म्हणाले. "पोरीनं उभं ऱ्हायचं कुठं?"

म्हणजे झालं. दुपारी आप्पांचा ट्रॅक्टर आला. दोर टाकून जलपर्णी ओढली. शिवाय कुठल्याशा टांगेवाल्याच्या नातसुना, मारवाड्याच्या घरची सून, रांजणगावच्या आणखी आठ-दहा बिहारी बाया, सगळ्या गुडघाभर चिखलात उतरल्या. मी काठावरून हुकूम सोडत होते. ती सवय काही गेलेली नाही.

दिवाळीनंतर छठीच्या दिवशी संध्याकाळचं अर्घ्य झालं. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पोर कमरेएवढ्या गार पाण्यात उभी, हातात सूप, त्यात फळं, ऊस आणि तिनं तळलेले गूळ-कणकेचे ठेकुए. ऊस माझ्या माहेरचा, न्हावऱ्याचा; तो कधी छठीच्या सुपात जाईल, असं कुणाला वाटलं होतं? पूर्वेला तांबडं फुटलं आणि सूर्य वर आला. मी तिच्या सुपापुढं दुधाची धार धरली. बायकांनी त्यांच्या भाषेतलं गाणं असं काही उचललं की पुलावरचे दुचाकीवाले थांबले.

तिच्या नवऱ्यानं मोबाइलवर आईला व्हिडिओ कॉल लावला होता. तिकडून म्हातारीनं विचारलं, "कौन-सी नदी है, बेटा?"

"हमारी है, माई," पोर पाण्यातूनच ओरडली. "घोडनदी."

तेवढ्यात आप्पांनी इस्त्रीच्या सदऱ्यानिशी मोबाइलमध्ये डोकं घातलं. "माताजी, अगले साल आप भी आव. खुर्ची टाकके रखेंगे."