फुप्फुसांना ग्रेस मार्क

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांइतक्या थाटात अख्ख्या डोंबिवलीत कोणी श्वास घेत नसेल. जन्मभर गणित शिकवून ते निवृत्त झाले आणि तीन वर्षांपूर्वी एका अनोळखी, मरण पावलेल्या माणसाची फुप्फुसं त्यांना बसवली. तेव्हापासून श्वास हा त्यांच्या लेखी रोज परीक्षा घ्यायचा विषय झाला. सकाळी सातला नाकाला चिमटा लावून ते हातातल्या छोट्या यंत्रात जीव खाऊन फुंकत, आलेला आकडा वहीत लिहीत आणि दूध आणायला निघालेल्या मला बाल्कनीतून ओरडून सांगत. मास्क ते फोनवर बोलतानाही काढत नाहीत. कबुतरांशी तर उभा दावा. त्यांच्या विष्ठेने फुप्फुसं बिघडतात, म्हणून सरांनी जिन्यात पाटी लावली: ‘दाणे घालण्याची हौस असणाऱ्यांनी ते स्वतःच्या दिवाणखान्यात घालावेत.’

गेल्या वर्षी सरांना जिना चढताना धाप लागू लागली. वहीतले आकडे मात्र ठणठणीत. एका सकाळी मी त्यांच्याकडे चहा घेत असताना काकूंनी यंत्र हिसकावून पाहिलं. आकडा वहीतल्यापेक्षा बराच कमी होता.

“अहो, हे काय लिहिलंत?”

“थोडे ग्रेस मार्क दिले,” सर खाली मान घालून म्हणाले. “बिचारी परक्या घरी आलीयेत. लगेच नापास कसं करायचं?”

मला हसू आलं. काकू रडायला लागल्या, तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

त्याच दिवशी आम्ही त्यांना इस्पितळात नेलं. शरीर नव्या फुप्फुसांना हळूहळू नाकारत होतं, आतल्या बारीक नळ्या आकसत चालल्या होत्या. डॉक्टरबाईंनी औषधं बदलली. “गेलेलं परत येणार नाही,” त्या म्हणाल्या. “उरलेलं टिकतंय का, ते सहा महिने बघू. आणि वहीत खरं लिहा, सर.” सर खरं लिहू लागले, पण बाल्कनीतून ओरडणं थांबलं. मीही दूध आणताना वर बघायचं टाळत असे.

परवा सहा महिने पुरे झाले. तपासणी करून आलेले सर प्रत्येक मजल्यावर दम खात, पेढ्यांचा पुडा घेऊन दारोदार फिरले, कबुतरांना दाणे घालणाऱ्या बाईंकडेसुद्धा.

“आकडा वाढला?” मी विचारलं.

“छे. तेवढाच आहे.”

“मग पेढे कसले?”

“अरे, सहा महिने तेवढाच आहे. एक पाऊल मागे नाही.” शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा, तसे ते ताठ उभे होते. मला फार आनंद झाला.

मग त्यांनी माझ्या हातावर आणखी एक पेढा ठेवला. “ज्याची फुप्फुसं आहेत, त्याच्या घरी द्यायला हवा होता. पण नाव कोणी सांगत नाही, आणि मला साखर चालत नाही. तू खा.”

मी तो त्यांच्यासमोरच, सावकाश खाल्ला.