घागरींची नवी रांग

दुष्काळात जनावरं छावणीला गेली आणि आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेत दूध येणं थांबलं. रिकामी पडलेली ती खोली चेअरमननी आमच्या केंद्राला दिली. अंघोळीला, जेवायला, चालायला दुसऱ्याचा हात लागतो अशी सात मोठी माणसं तिथं दिवसभर असायची आणि त्यांचं सगळं बघायला मी. गाव आम्हाला ‘येड्यांची बालवाडी’ म्हणायचं. माझं डोकंच फिरायचं. त्यातल्या एकाच्या मिशा माझ्या नवऱ्यापेक्षा झुपकेदार होत्या.

हा मिशीवाला बोलायचा नाही. अंघोळ घालावी लागे, जेवताना समोर बसावं लागे. पण चार वस्तू दिसल्या की लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. केंद्र नव्हतं तेव्हा त्याची आई त्याला घरात कोंडून, बाहेरून कडी लावून मजुरीला जायची. केंद्र बंद पडलं तर पुन्हा तीच कडी, या धास्तीत ती जगत होती.

टँकर आमच्या दारासमोरच थांबे. लोक सकाळीच घागरी रांगेत ठेवून घरी जात. चेअरमनचा भलामोठा ड्रम मात्र कधीही आला तरी पहिला.

एका दुपारी मी चहा घेऊन दारात आले, तर मिशीवाला रांगेत! कळशा पुढे, मग घागरी, मग हंडे. ड्रम गडगडत पार शेवटी. मी त्याला थांबवायला हवं होतं. मी चहा संपवला, वर आणखी अर्धा कप घेतला. माझी कळशीही लहानच होती, हे कबूल करते.

टँकरवाला घाईत होता. पुढून भरत गेला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कळशा पहिल्यांदाच काठोकाठ भरल्या आणि ड्रमपाशी येईतो टँकर आटला. मग मिशीवाल्याचं नाव घेत जो गोंधळ झाला, तो मी मनापासून ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमन कुलूप घेऊन हजर. मिशीवाल्याला सोडायला आलेली आई दारातच थिजली.

“ह्यानं रांग मोडली. ह्याला घरी कोंडा, न्हाई तर खोली खाली करा,” चेअरमन म्हणाले.

मी पुढे झाले. म्हटलं, “त्याचा काय दोष? मीच शिकवलं त्याला तसं. मला काढा.”

“खोटं हाय!” आई ओरडली. “कुनी न्हाई शिकवलं. माझ्या लेकानं सोताच्या डोक्यानं केलंय ते!”

गेलं केंद्र, असं मला वाटलं. पण म्हाताऱ्या केव्हाच पायरीवर येऊन बसल्या होत्या. त्यातली सगळ्यात वाळकी म्हणाली, “चेअरमन, कुलूप लावायचं तर आमी आत बसताव, मग लावा.” चेअरमननी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, कुलूप खिशात घातलं आणि निघून गेले.

मला वाटलं, आता आई माझे हात धरून रडणार. ती तरातरा माझ्यापुढे आली.

“बाई, कावून खोटं बोललाव? पस्तीस वर्सांत पैल्यांदा गावानं माझ्या लेकाचं नाव घेतलं, आन् तेबी तुमी सोताच्या नावावर करून घ्यायला निघालात?”