माझ्या फासळ्या आणि आमचं ब्लाऊजचं दुकान

शिलाईच्या दुकानात चिंध्या कुठून येतात ते देव जाणे! सकाळी झाडून काढा, दुपारी पुन्हा मशीनच्या पायाशी ढीग. किश्श्यांचंही तसंच. कोणी मुद्दाम जमवत नाही. तीन बाया दिवसभर एका खोलीत बसल्या की ते आपोआप पडत राहतात.

आमचं दुकान यवतमाळजवळच्या आर्णीचं. कटिंग आणि मशीन माझं. हातशिलाई आणि हुक-काज कमलमावशीचं. फॉल-पिको रुखसानाभाभीचं. मला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांचा आजार. पायाला मुंग्या, थकवा वगैरे आहेच, पण मला सगळ्यात जास्त छळतो तो छातीभोवतीचा पट्टा. बसल्या बसल्या कोणीतरी फासळ्यांना दोरी गुंडाळून दोन्ही टोकं ओढतंय असं वाटतं. कधी पाच-दहा मिनिटं, कधी दिवस दिवस.

लोक म्हणतात, "आजारावर कसल्या हसता गं!" अहो, आजारावर कोण हसतंय? आम्ही एकमेकींवर हसतो!

*

सुरुवात झाली तेव्हा मला वाटलं, आपलं वजन वाढलं. ब्लाऊज छातीखाली आवळायला लागला. टेलरच्या घरी काय कमी! बाजूची शिलाई उसवली, आतली मार्जिन सोडली. दोन दिवसांनी दुसरा ब्लाऊज आवळला. तोही उसवला. असं करत करत माझ्या कपाटात एकाही ब्लाऊजला मार्जिन उरली नाही.

कमलमावशी चष्म्यावरून बघत होती. म्हणाली, "काय वं, लोकायचे ब्लाऊज शिवतं अन् आपले उसवतं?"

एक दिवस मी वैतागून नवऱ्याचा शर्ट घालून दुकानात आले. घरातला सगळ्यात ढगळ. तरी टेबलाशी वाकले आणि पट्टा आवळला! मी कात्री ठेवून छाती धरून बसले.

मावशी उठली. शर्टाची बाजू चिमटीत धरून ओढून पाहिली. हातभर कापड तिच्या हातात आलं.

"यात आपण तिघी मावतो," ती म्हणाली. मग एकदम तिचा आवाज बदलला. "हे कपड्याचं नाही वं माय. चाल, दवाखान्यात."

*

छाती म्हटल्यावर पहिला संशय हृदयावर. भाभी मला तिच्या स्कूटीवर घेऊन गेली. ईसीजी निघाला. नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, गॅस असेल, तरी त्रास राहिला तर पुन्हा या.

आता 'गॅस' हा शब्द आमच्या गल्लीत पोचला की औषधांना तोटा नाही. कोणी ओवा दिला, कोणी हिंग, कोणी काळं मीठ. शेजारची काकू तर वाटीत ओवा भाजूनच आणायची आणि मी खाईपर्यंत दारात उभी. पंधरवडाभर मी ओवा खात होते. पट्टा जसाच्या तसा.

शेवटी भाभी माझ्या शेजारी मशीनवर बसली आणि माझा वास हुंगत म्हणाली, "तबियत का तो पता नहीं, लेकिन तू बाजूला बसली ना, तर मले फरसाणची भूक लागते!"

*

मग एक दिवस मशीनचं पेडल पायाला लागेना. म्हणजे पाय पेडलवरच होता, पण मला कळेना की आहे. मोटार सुसाट सुटली आणि एका बाईंची बाही मी थेट गळ्याला शिवून टाकली. त्या रात्री मी जेवले नाही. नवऱ्याने सकाळी सुट्टी टाकली आणि आम्ही नागपूरला गेलो. एमआरआय, मणक्यातल्या पाण्याची तपासणी, सगळं झालं.

आमचे हे, दिलीप, विजेच्या खात्यात लाइनमन. माणूस मुळात अबोल. डॉक्टरांनी फिल्म लावली आणि समजावलं, की नसांवर एक वेष्टण असतं, शरीरच चुकून ते खातं आणि मग मेंदूचे निरोप नीट पोचत नाहीत. मणक्यात जिथे डाग आहे तिथून छातीच्या नसा निघतात, म्हणून फासळ्यांमध्ये काही नसताना तिथे आवळल्यासारखं होतं, दुखतं.

मी रडत होते. हे मात्र खुर्चीत पुढे सरकले.

"म्हणजे सर, वायरचं कव्हर गेलं."

"अगदी बरोबर!" डॉक्टर खूश.

"अन् शॉर्ट होऊन राह्यलं."

"तसंच समजा."

यांनी फिल्मवरच्या डागावर बोट ठेवलं. मग फार हळू विचारलं, "वरून टेप नाही मारता येत का सर?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. मीच रडता रडता हसले आणि हसल्यावर फासळ्या अशा दुखल्या की पुन्हा रडले!

*

औषधं सुरू झाली. आजाराची वेगळी, नसांच्या दुखण्याची वेगळी. पट्टा कमी झाला, गेला नाही. मग आमचे प्रयोग सुरू झाले.

सैल कपडे घातले की काही दिवस बरं वाटायचं. मग एकदा चुकून कळलं, कधी कधी उलट बाहेरून घट्ट दाबलं की आतलं आवळणं कमी वाटतं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, श्वास नीट चालत असेल तर थोडा वेळ बांधायला हरकत नाही, काहींना बरं वाटतं.

मावशीने लगेच सुती अस्तराचा रुंद पट्टा शिवून दिला, दुपदरी, बाजूला बंद. मी खुशीत बांधला. दुसऱ्या दिवशी नकोसा झाला. मावशीने बंद सैल केले. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "मावशी, आज घट्टच पाहिजे." चौथ्या दिवशी, "मावशी, वरून घट्ट, खालून सैल."

मावशीने सुई टेबलात खुपसली. "तू गिऱ्हाईक असतं ना, तर मी तुले दुकानाची पायरी चढू दिली नसती!"

आणि वरून घट्ट, खालून सैल करून दिला.

*

भाभीचा एक नियम आहे. मी छातीला हात लावला की तिचं पिको मशीन थांबतं आणि ती विचारते, "वही है, या नया है?"

कारण डॉक्टरांनी बजावलंय, की सगळंच एमएसच्या नावावर खपवायचं नाही. वेगळं दुखलं, घाम सुटला, हात भरून आला, दम लागला, की सरळ दवाखाना. एकदा मी "काही नाही, तेच असेल" म्हणाले, तर तिने दुकानाचं शटर ओढलं आणि मला स्कूटीवर बसवून नेलंच. काही निघालं नाही. पण तेव्हापासून मी खरं सांगते.

परवा एक नवीन बाई माप द्यायला आली होती. तिच्यासमोर मला पट्टा आवळला. मी टेबल धरलं.

"वही या नया?"

"वही."

"अल्हम्दुलिल्लाह!" भाभी हात वर करून म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

ती बाई माझ्याकडे बघते, भाभीकडे बघते. माप न देताच निघाली होती, मावशीने परत बोलावली!

*

उन्हाळा माझा वैरी. अंग तापलं की सगळ्या नसा बंड करतात. म्हणून कूलर माझ्याच तोंडाशी असतो आणि मानेवर ओला टॉवेल. मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली. अर्ध्या तासात माझा पट्टा असा आवळला की बोलता येईना. मावशी पुठ्ठ्याने वारा घालतेय, भाभीने सरळ दिलीपला फोन लावला.

"भाऊ, लाइट भेजो जल्दी!"

तिकडून हे म्हणाले, "भाभी, मी खांबावरच हाय. तेच काम करून राह्यलो."

"तो उतरत कायले बसता? वहीं से फेंक दो!"

*

या आजाराची गंमत म्हणजे तो बाहेरून दिसत नाही. एक जुन्या गिऱ्हाईक बाई आहेत, ऑफिसातल्या. ब्लाऊजला दोन दिवस उशीर झाला म्हणून आल्या. मी सांगितलं, बरं नव्हतं. त्यांनी मला वरून खाली न्याहाळलं.

"दिसता तर ठणठणीत!"

असं ऐकलं की फासळ्यांपेक्षा दुसरंच काहीतरी दुखतं.

मावशी हुक लावता लावता मान वर न करता म्हणाली, "तुमच्या ब्लाऊजले अस्तर हाय बाई. बाहेरून दिसत नाही, म्हून काय आम्ही लावलं नाही?"

बाई आता येताना माझ्यासाठी संत्री आणतात. मावशीसाठी मात्र नाही!

*

आता यांचा किस्सा. चारचौघांत बायकोचा हात धरणं हे दिलीपच्या कुंडलीत नाही. रस्त्याने चाललो तर हे चार पावलं पुढे.

गेल्या हिवाळ्यात नागपूरहून तपासणी करून परत येत होतो. यवतमाळच्या बसस्टँडवर आर्णीच्या गाडीची वाट बघत असताना पट्टा आला. ओळखीचाच, पण जोरात. मावशीचा अस्तराचा पट्टा घरी राहिलेला.

मी म्हटलं, "दाबून धरा."

"काय?"

"फासळ्या. दोन्ही हातानं. मागून."

"इथं?"

"मंग काय आर्णीत जाऊन?"

यांनी पिशवी खाली ठेवली. रस्ता ओलांडायचा असल्यासारखं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मागून दोन्ही हातांनी मला गच्च धरलं.

समोरच्या बाकावरची एक म्हातारी छत्री घेऊन उठली. "अबे, सोड तिले! दिवसाढवळ्या काय करून राह्यला बे?"

माणसं वळली. यांचे कान लाल. पण हात सोडले नाहीत. "बायको हाय आजी माही!"

"मंग घरी नेय ना बापा!"

मला बोलायला श्वास नाही आणि हसायची सोय नाही. आजी जवळ आली. माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिला काय दिसलं कोण जाणे, छत्री खाली गेली. "दुखते काय वं माय?" मी मान हलवली. तशी ती जमलेल्या माणसांवर फिरली, "चला, निघा! इथं काय तमाशा हाय?" आणि आमच्यापुढे आडवी उभी राहिली.

आर्णीची गाडी लागली. यांनी कानाशी विचारलं, "सोडू?"

"नका."

ती गाडी आम्ही सोडली.

*

आणि हा दिवाळीनंतरचा. लग्नाचे ब्लाऊज चालू होते. घाटंजीकडची एक मुलगी, पल्लवी, आईबरोबर ट्रायलला आली. आई बाहेर बाकावर बसली, मुलगी दाराच्या पडद्याआड आमच्या तिघींजवळ. शालूवरचा ब्लाऊज घातला आणि म्हणाली, "काकू, लय आवळून राह्यलं. श्वास नाही घेता येत."

मी पाहिलं. ब्लाऊज आवळत नव्हता, उलट ढिला होता. माप दिल्यापासून पोरगी वाळली होती. तरी तिच्या समाधानासाठी एका बाजूचे टाके सोडले.

"आता?"

"अजून आवळते."

दुसरी बाजू सोडली.

"आता?"

तिच्या कपाळावर घाम. "तसंच हाय काकू."

त्या दिवशी मला स्वतःलाही सकाळपासून पट्टा होता. मी अर्ध्या अर्ध्या श्वासात बोलत होते. मी कात्री ठेवली. "कुठं आवळते, हात लावून दाखव."

तिने हात शिलाईवर नाही, गळ्याखाली ठेवला.

मी तिला स्टुलावर बसवलं, समोर मी बसले. फिजिओथेरपीच्या ताईंनी मला शिकवलंय तसं तिला सांगितलं, "माह्यासंग श्वास घे. नाकानं घे. सोडताना घाई करू नोको." तिने एक हात आपल्या छातीवर ठेवला, मी माझ्या फासळ्यांवर. दोघी समोरासमोर श्वास घेत बसलो. भाभीने पिको मशीन बंद केलं.

थोड्या वेळाने तिचे खांदे खाली आले. आणि तिने माझा हात धरून, बाहेर आईला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, "काकू, मले हे लग्न नाही करायचं."

मी मावशीकडे पाहिलं. मावशीने तोंडातला दोरा तोडला. भाभीने नुसता पदर डोक्यावर ओढला.

बाहेरून आईचा आवाज आला, "झालं का वं फिटिंग? सराफाकडे जाणं हाय अजून!"

कमलमावशीने पडदा बाजूला केला आणि डोकं बाहेर काढलं.

"ब्लाऊज बराबर हाय बाई. आम्ही पोरीले उसवून राह्यलो. सराफाकडे मंग जाजा, पयले तुम्ही अंदर या!"