साडू आणि इराचे बूट

स्कीच्या शर्यतीत उतरणाऱ्या मुलांचं सामान कसं निवडावं, हे माझ्या थोरल्या साडूंइतकं कळणारा माणूस सबंध अमेरिकेत नसेल, आणि त्यांच्याइतका बर्फाला भिणारा माणूसही नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या ताईचे यजमान. मूळचे नागपूरचे. मे महिन्याच्या भर दुपारी सायकलवरून गावभर हिंडलेलं ते शरीर. त्याला आमच्या बेलव्ह्यूची थंडी कधी मानवलीच नाही. ऑक्टोबर लागला की घरातसुद्धा त्यांच्या डोक्यावर माकडटोपी चढायची, ती वसंत ऋतू संपत आला की उतरायची, तीसुद्धा ताईंनी धुवायला हिसकावून घेतली म्हणून. बाहेर नुसता पाऊस भुरभुरत असला तरी ते खिडकीतून असे बघायचे, की जणू कोणीतरी त्यांच्याविरुद्ध कट करतंय.

नोकरीत ते सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे, आणि हा धंदा त्यांच्या रक्तात असा काही भिनला होता की टेस्ट केल्याशिवाय ते कशावरही विश्वास ठेवत नसत. आमच्याकडे आले की खुर्चीवर बसण्याआधी ती दोन्ही हातांनी हलवून बघत. आम्ही नवा कुकर घेतला तेव्हा त्यांनी नुसतं पाणी घालून त्याच्या इतक्या शिट्ट्या काढल्या की शेवटी शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना? "वस्तू वाईट नसते रे," ते मला म्हणाले, "तिला कोणी नीट प्रश्न विचारलेले नसतात."

ही सगळी दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. त्यांची मुलगी इरा तेव्हा नऊ वर्षांची होती. एका मैत्रिणीच्या कुटुंबाबरोबर ती घाटात स्कीइंगला गेली आणि गाल लालबुंद करून परत आली ती हेच म्हणत, "बाबा, आय वॉन्ट टु रेस." बेलव्ह्यूहून तासाभरात घाट लागतो, तिथे लहान मुलांची शर्यतीची टीम होती. ताईंना आनंद झाला. साडूंचा चेहरा मात्र उतरला. पण इराला नाही म्हणणं हे त्यांना कधीच जमलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "बरं. पण सामान मी निवडणार."

आणि मग त्यांनी जे काही आरंभलं ते बघायला मीही दुकानात गेलो होतो. मुलांचे स्कीचे बूट म्हणजे वरून प्लॅस्टिकचं टणक कवच आणि आत मऊ जाड मोजा. साडूंनी आधी तो मोजाच उपसून बाहेर काढला. नुसत्या कवचात इराचा पाय घालायला लावला, बोटं पुढे टेकवायला सांगितली आणि मागे टाचेपाशी आपली बोटं घालून जागा मोजली. मग पुन्हा सगळं जोडून, बकलं लावून तिला उभं केलं. "गुडघे वाकव. अजून. घोटा वाकतो की नाही?" त्यानंतर ते बूट पायात ठेवून तिने अर्धा तास दुकानात हिंडायचं, कारण खरं दुखणं उशिरा कळतं असं त्यांचं मत. विक्रेती बिचारी बाजूला उभी राहून शिकत असल्यासारखी हे सगळं बघत होती.

"अहो, एक नंबर मोठेच घ्या," ताई म्हणाल्या. "वाढत्या अंगाची आहे ती."

"पाय वाढेल तेव्हा वाढेल," साडू खाली बसूनच म्हणाले. "डोंगरावरून ती या शनिवारी खाली येणार आहे."

तेवढ्यात एका अमेरिकन आजीबाईंनी त्यांना विचारलं, तुम्ही इथेच काम करता का? साडूंनी नाही म्हटलं, पण आजीबाईंच्या नातीचे बूट मात्र बदलायला लावले. वापरलेल्या सामानाला त्यांची ना नव्हती, फक्त हेल्मेट सोडून. "दुसऱ्याचा शर्ट चालतो. दुसऱ्याचं हेल्मेट आधी कुठे आपटलंय ते तोंडाने सांगत नाही."

ही कीर्ती आमच्या मराठी मंडळींत पसरायला वेळ लागला नाही. कोणाकडे जेवायला बोलावलं की जेवणं व्हायच्या आधी एखादं पोर मोजे काढून त्यांच्यासमोर पाय पुढे करून बसलेलं असायचं. मूळच्या मुंबईच्या एका मित्राने पोरीला लांबच लांब स्की घेतल्या होत्या. साडूंनी त्या तिच्याशेजारी उभ्या करून बघितल्या, तर त्या तिच्या डोक्याच्या वर हातभर. "ही स्की करणार आहे की झेंडावंदन?" त्यांनी विचारलं. मित्र म्हणाला, "यार, दोन वर्षं तरी चालतील." साडू म्हणाले, "त्या चालतील. ही वळणार कशी?" स्की गेल्या परत.

स्कीच्या तळाला मेण लावावं लागतं, तेही इस्त्रीने वितळवून, हे त्यांना कळलं तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. त्यांनी ताईंची इस्त्री घेतली, डायनिंग टेबलावर स्की उलट्या मांडल्या आणि अख्ख्या घरात चकलीच्या वासात मेणाचा वास मिसळून टाकला. दुसऱ्या दिवशी ताईंनी त्याच इस्त्रीने रेशमी साडी इस्त्री केली. पदरावर मेणाचा असा लांब पट्टा उठला की ताई लक्ष्मीपूजनाला पदर खोचूनच वावरल्या. साडू समजुतीच्या स्वरात म्हणाले, "आता त्यावर पाणी सांडलं तरी काही बिघडत नाही." भाऊबिजेपर्यंत त्या घरात संवाद बंद होता.

एवढं सगळं करूनही साडूंनी स्वतः कधी बर्फावर पाऊल ठेवलं नाही. इराला घाटात न्यायचं काम माझ्याकडे, कारण मी वाईट का होईना, पण स्की करत असे. ते घरी हीटरशेजारी बसून राहत.

दुसऱ्या हिवाळ्यात मात्र बिनसलं. टीममधल्या मोठ्या मुलींकडे शर्यतीचे कडक, ताठ बूट आले होते. कोचही म्हणाला की इराला आता ते चालतील. साडूंनी तिला दुकानात ते घालून उभं केलं, वाकायला सांगितलं. तिचा घोटा जेमतेम हलला. "नाही," साडू म्हणाले. "वाकताच येत नसेल तर वळणार कशाच्या जोरावर?" त्यांच्या घरी येऊन आम्ही चहा घेत होतो, तेव्हा इरा जिन्यात थांबली आणि म्हणाली, "एव्हरीवन हॅज देम. आय लुक लाइक अ बिगिनर. बाबा, हॅव यू एव्हर इव्हन स्कीड?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारल्यासारखं विचारलं होतं, त्यामुळे जास्त लागलं. साडूंनी कप सिंकमध्ये नेऊन धुतला, पालथा घातला आणि मग म्हणाले, "नाही."

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "रवी, उद्या रजा टाक. मला घाटात घेऊन चल. इराला सांगू नको." घाटात पोचल्यावर त्यांनी भाड्याच्या काउंटरवर बुटांचे दोन जोड मागितले, एक मऊ आणि एक ताठ. तिथल्या बाई म्हणाल्या, पहिल्यांदा येणाऱ्याला आम्ही मऊच देतो. साडूंनी त्यांना इतकं सविस्तर समजावलं की त्यांनी मुकाट्याने दोन्ही दिले. नवशिक्यांच्या वर्गात त्या सकाळी दुसरा मोठा माणूस कोणी नव्हता. पाच-सहा वर्षांची चिमुरडी पोरं आणि त्यांच्या रांगेच्या शेवटी आमचे साडू, हेल्मेटच्या आत माकडटोपी घालून. शिकवणारी मुलगी सांगत होती, थांबायचं असेल तर स्की पुढून जुळवा, पिझ्झाच्या तुकड्यासारख्या. पोरं ओरडत होती, "पिझ्झा!" साडूही ओरडत होते, पण त्यांचा पिझ्झा काही केल्या होत नव्हता. ते पडले, उठले, पुन्हा पडले. एका छोट्या मुलीने त्यांना उठायला हात दिला. मग त्यांनी ताठ बूट चढवले आणि सरळ खाली जाऊन उताराच्या तळाशी लावलेल्या जाळीत अडकले.

मी धडपडत खाली गेलो. ते बर्फात बसले होते, मिशीत बर्फ, श्वास फुललेला. मला वाटलं, कुठेतरी मोडलं. "लागलं का?"

"रवी," ते म्हणाले, "हे फार सरकतं रे बाप्पा."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. शर्यत होते त्या उताराकडे त्यांनी बोट दाखवलं. "ती तिथून येते?"

"हो."

"एकटी?"

"एकटीच."

त्या उताराकडे ते किती तरी वेळ बघत राहिले. कपडे भिजले होते, थंडी वाजत असणारच, पण त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. उतरताना गाडीत एवढंच म्हणाले, "आपण तिला नुसते बूट देतो. बाकी सगळं तीच करते."

त्या संध्याकाळी त्यांनी इराला स्वतःच सगळं सांगितलं, पडलेलं आणि जाळीत अडकलेलंसुद्धा. ती पोट धरून हसली. मग ते म्हणाले, "ताठ बूट भाड्याने आणू. दोन्ही घालून बघ. तू ठरव."

रविवारी आम्ही सगळे गेलो. साडू पहिल्यांदाच बाहेर, बर्फात, बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीपाशी उभे राहिले. इरा आधी ताठ बूट घालून आली. वेगात आली, पण प्रत्येक वळणाला मागे कलत होती. मग जुने घालून आली. साडूंनी काही विचारलं नाही. ताईंनी त्यांच्याकडे दोनदा वळून बघितलं, बरं नाही की काय म्हणून.

आत गरम चॉकलेट पिताना इरा कपाकडे बघत म्हणाली, "द ओल्ड वन्स. बट बाबा, यू कान्ट से एनीथिंग. ओके?"

"ओके," साडू म्हणाले, आणि अख्खा घाट उतरेपर्यंत खरोखर काही बोलले नाहीत. मार्चमधल्या शर्यतीत तिचा नंबर मधेच कुठेतरी लागला. साडू दोरीपाशी उभे होते. ती खाली पोचेपर्यंत त्यांनी माझी बाही घट्ट धरून ठेवली होती.

पुढे त्यांच्या कंपनीने त्यांना दूर दक्षिणेत, अल्फारेटाला पाठवलं. तिथे बर्फ नाही, उतार नाहीत, आणि इरा शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवू लागली. साडूंना हवा मानवली आहे, तब्येत सुधारली आहे, ताई खूश आहेत. तरी डिसेंबरमध्ये एखाद्या रविवारी त्यांचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलणं होतं, आणि मग ते सहज विचारल्यासारखं विचारतात, "घाटात बर्फ कसा आहे यंदा? भुसभुशीत, की कडक?"

मी सांगतो. ते सगळं नीट ऐकून घेतात. "छान," म्हणतात. पण ते फोन ठेवत नाहीत, आणि मीही ठेवत नाही.