पाटल्या मोडून घेतलेलं नाणं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पारोळ्याला जिनिंगच्या काट्यावर कापूस तोलण्यात जन्म गेला. भाव पडला की मी संध्याकाळी गल्ल्यांतून फिरायचो, कोणाच्या घरात कापसाचा ढीग शिल्लक आहे ते बघायचो. घाबरून सगळ्यांनी विकून टाकला, घरं रिकामी दिसायला लागली, की समजायचं, आता भाव चढणार. बायको म्हणायची, "आले का लोकांच्या घरात डोकावून?" पण अंदाज सहसा चुकत नसे.

ती गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी बिटकॉइन पडलं. धुळ्याचा माझा जावई मोबाइलचं दुकान चालवतो. त्याने विकलं, त्याचे मित्रही विकून मोकळे झाले. मला वाटलं, झाली घरं रिकामी. जळगावला जाऊन मी बायकोच्या पाटल्या मोडल्या आणि जावयाला म्हटलं, माझ्या नावाने घ्या. पाटल्या तिने मुलीसाठी ठेवल्या होत्या. मुलीला मी विचारलंसुद्धा नाही.

पुढे भाव आणखी निम्म्यावर आला.

तेव्हापासून सकाळी आधी मोबाइल बघतो, मग तोंड धुतो. या बाजाराच्या गल्ल्या कुठे आहेत? अजून किती जण घाबरायचे बाकी आहेत, हे कसं बघू? आणि बायकोच्या वेळचं दवाखान्यातलं आठवतं. सगळे म्हणत होते, आता घरी न्या. मी एकटाच म्हणत होतो, उठून बसेल ती. चौथ्या दिवशी गेली.

गेल्या महिन्यात धुळ्याला गेलो. जावई म्हणाला, "आबा, विका आता. आहे तेवढं तरी हाती लागेल."

"तुम्ही विकलं म्हणून तर मी घेतलं," मी म्हटलं.

"मग आता मी घेतो, म्हणजे तुम्ही विकाल!"

मुलगी हसली नाही. पोळी लाटता लाटता म्हणाली, "पाटल्या माझ्या होत्या ना, आबा?"

"तुझ्याच, माय. चुकलं माझं. तू सांगशील तसं. विका म्हण, आत्ता विकतो."

मी मोबाइल तिच्यासमोर धरला. तिने पिठाचे हात पदराला पुसले, पण मोबाइल घेतला नाही. तव्यावरची पोळी उलटली. मग म्हणाली, "दवाखान्यात तुम्ही एकटेच म्हणायचे, आई उठेल. मला तेवढाच आधार वाटायचा. राहू द्या. नका विकू."

जावईही म्हणाला, "बरं, ठेवा मग."

इतके दिवस सगळे विका म्हणत होते, तेव्हा भांडायला बळ यायचं. आता घरात नाही म्हणणारं कोणी उरलं नाही. मला वाटलं, हिला ओरडून सांगावं, माझं ऐकू नको, मला काही कळत नाही. तिने ताटात पोळी वाढली. मी मान खाली घालून जेवायला बसलो.